भ्रमातले शब्द कोणाचे?

आयुष्यभर मितभाषी राहिलेला वृद्ध रुग्णालयात चौथ्या दिवशी अकस्मात बरळू लागतो, लेकीला ओळखत नाही, सुनेला चोर म्हणतो. बाहेरच्या बाकावर कुणीतरी पुटपुटते, 'पोटातले ओठांवर आले!' या एका वाक्याने किती घरांत कायमचा दुरावा आला असेल!

वस्तुस्थिती अशी, की असा भ्रम कधीकधी रोगाने नव्हे, तर रोग बरा करणाऱ्या प्रतिजैविकानेच आलेला असतो. सेफेपिम हे त्याचे ठळक उदाहरण. ते मूत्रपिंडावाटे बाहेर पडते. मूत्रपिंड दुबळे असून मात्रा कमी केली नाही, तर ते शरीरात साठते आणि मेंदूला आवर घालणाऱ्या 'गाबा' या द्रव्याच्या कार्यात अडथळा आणते. कधी अंग न हलताच आतल्या आत झटके येत राहतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१२ साली तसा इशाराही दिला होता. औषध बदलले, की बहुधा काही दिवसांत माणूस ताळ्यावर येतो.

मग ते शब्द कोणाचे? संत ऑगस्टीन यांनी 'कन्फेशन्स'च्या दहाव्या भागात स्वप्नांविषयी हाच प्रश्न स्वतःला विचारला आहे : झोपेत मी मी नसतो काय? जाणीव आणि संमती नसेल तेथे पूर्ण दोष नाही, हे आपण धर्मशिक्षणाच्या वर्गात शिकलेलो असतो. पण सुनेच्या कानांवर शिवी पडते तेव्हा ते आठवत नाही. भ्रमात सत्य बाहेर पडते, ही समजूत मला तरी निराधार वाटते. बिघडलेल्या घड्याळाचे टोले कोणी वेळ म्हणून मोजत नाही.

येथे एक अडचण मात्र आहे. त्याच भ्रमात त्याने धाकट्याला तोंडभरून आशीर्वाद दिला, तर तो आपण जन्मभर जपतो. शिवी औषधाची आणि आशीर्वाद बाबांचा, असा हिशेब प्रामाणिक नव्हे.

'आम्ही मोठ्या मनाने क्षमा केली' हेही मला पटत नाही. क्षमा म्हटली, की अपराध गृहीत धरला जातो. त्यापेक्षा 'बाबा कालपासून वेगळे बोलताहेत, त्यांचे मूत्रपिंड ठीक आहे ना?' असे डॉक्टरांना त्याच दिवशी विचारावे. औषध परस्पर बंद करू नये. जंतुसंसर्गही जीव घेतो. आणि शुद्धीवर आल्यावर बाबांनी 'मी काही बोललो का?' असे विचारले, तर औषधाने भ्रम झाला होता एवढे सांगावे, आणि त्या औषधाचे नाव त्यांच्या कागदपत्रांत ठळक लिहून ठेवावे.