‘आले तसे पाठवले’

‘मी काही लिहिले नाही, आले तसे पुढे पाठवले,’ हे वाक्य आजकाल घराघरांत ऐकू येते. संदेश खोटा असल्याचे कोणी दाखवून दिले, की पाठवणारा एवढे बोलून मोकळा होतो. असत्याचे पाप ते रचणाऱ्याच्या माथी, आणि वाहून नेणारा मात्र निर्दोष! हा बचाव इस्लामी शिकवणुकीच्या कसोटीवर टिकतो काय?

हा प्रश्न केवळ तात्त्विक नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे, ऐन आठवडी बाजाराच्या दिवशी, जमावाने पाच जणांचा जीव घेतला. ते नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या समाजातील, भिक्षा मागून पोट भरणारे होते. बहुतेक जण सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढा भागातून आलेले. मुले पळवणारी टोळी फिरत असल्याच्या अफवा मोबाइलवरून पसरत होत्या. अनोळखी माणसे दिसली आणि त्या अफवांना चेहरे मिळाले. ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून त्यांना मारण्यात आले. पुढे खटला मारणाऱ्यांवर चालला. ज्यांच्या बोटांनी ती भीती गावोगाव पोहोचवली, त्यांची मोजदाद कोण करणार? आणि त्यांतील कित्येकांनी तो संदेश लेकरांच्या काळजीपोटीच पाठवला असेल.

खरी अडचण इथेच आहे. कर्मांचे मोल नियतीवरून, म्हणजे हेतूवरून ठरते, ही हदीस आपल्याला लहानपणापासून ठाऊक असते. मग हेतू चांगला असताना दोष कसा?

याचे उत्तर सूरह अल-हुजुरातच्या सहाव्या आयतीत सापडते. भरवसा न ठेवण्याजोग्या माणसाने बातमी आणली, तर आधी शहानिशा करावी, असा आदेश अल्लाहने श्रद्धावंतांना दिला आहे. कारणही तिथेच सांगितले आहे : अजाणतेपणी आपल्या हातून लोकांना इजा होऊ नये आणि मागाहून पस्तावण्याची पाळी येऊ नये. यातील ‘अजाणतेपणी’ आणि ‘पस्तावणे’ या दोन गोष्टींकडे लक्ष द्यावे. दुष्ट हेतूने खोटे पसरवणारा अजाण नसतो, आणि तो सहसा पस्तावतही नाही. पस्तावतो तो मनाने चांगला असलेला माणूस. म्हणजे ही आयत सद्हेतू असलेल्यालाच उद्देशून आहे. चांगली नियत ही शहानिशेची जागा घेत नाही; उलट नियत खरोखर चांगली असेल, तर शहानिशा हा तिचा पहिला पुरावा ठरतो.

अनेक भाष्यकारांनी या आयतीची पार्श्वभूमी दिली आहे. बनू मुस्तलिक या कबिल्याकडे जकात आणण्यासाठी गेलेला प्रतिनिधी अर्ध्या वाटेवरून परतला आणि ते लोक जकात नाकारतात, असे त्याने सांगितले. त्या एका वार्तेवरून सैन्य चालून जाण्याची वेळ आली होती. प्रत्यक्षात तो कबिला निष्ठावंत होता.

कोणी म्हणेल, ‘मला संदेश पाठवणारे माझे चुलते आहेत, हाजी आहेत, पंचक्रोशीत त्यांचा शब्द प्रमाण मानतात.’ असतील, पण बातमी त्यांची आहे काय? त्यांनाही ती कुठून तरी आलेली असते. हदीसशास्त्राच्या विद्वानांनी इस्नाद, म्हणजे कथनकर्त्यांची साखळी, याचसाठी जपली. कोणी कोणाकडून ऐकले, ही प्रत्येक कडी नावानिशी तपासली जाई. साखळीत एक जरी ‘मजहूल’, म्हणजे अज्ञात, माणूस आला, तरी कथन दुबळे ठरे, मग पुढचे सर्व जण कितीही सज्जन असोत. आजच्या संदेशावर तो पुढे पाठवलेला असल्याची खूण येते. मूळ कोणाचा, हे कळत नाही. ज्या उम्मतने नावावाचून वचन स्वीकारले नाही, तिचीच लेकरे आज निनावी मजकुरावर विसंबतात.

धर्माच्या नावाने फिरणारे संदेशही याला अपवाद नाहीत. ‘ही हदीस दहा जणांना पाठवा, संध्याकाळपर्यंत आनंदाची बातमी कळेल,’ असा मजकूर जुम्याच्या नमाजीनंतर पुष्कळ जण मला दाखवतात आणि विचारतात, ‘मौलाना, हे खरे आहे का?’ प्रश्न योग्यच असतो. पण बहुधा तो पाठवून झाल्यावर विचारलेला असतो. ऐकलेली प्रत्येक गोष्ट सांगत सुटणे माणसाला खोटारडा ठरवायला पुरेसे आहे, अशा अर्थाचे प्रेषितवचन (स.) इमाम मुस्लिम यांनी आपल्या ‘सहीह’च्या प्रस्तावनेतच नोंदवले आहे. तिथे खोटे रचणाऱ्याचा उल्लेख नाही. आहे तो न पारखता सांगणाऱ्याचा.

‘पण धोका खरा असला तर? शहानिशा करेपर्यंत उशीर नाही का होणार?’ ही शंका रास्त आहे. सूरह अन-निसाच्या ८३व्या आयतीत तिचे उत्तर मिळते. सुरक्षिततेची वा भयाची वार्ता येताच ती पसरवणाऱ्यांना तिथे दोष दिला असून, ती जबाबदार व जाणत्या लोकांकडे न्यायला हवी होती, असे म्हटले आहे. आपल्या भाषेत सांगायचे तर पोलीस पाटलांना किंवा ठाण्याला फोन करावा. धोका खरा असेल, तर तिथूनच मदत येईल. खोटा असेल, तर तो तिथेच विरेल.

राईनपाड्याच्या घटनेनंतर त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल, अशी मर्यादा जाहीर केली. पण पाच जणांना पाठवलेले असत्यही असत्यच असते. म्हणून दोन सवयी लावून घ्याव्यात. पाठवण्याआधी, ‘हे तुम्हाला कोणाकडून कळले?’ एवढे विचारावे. आणि आपण पाठवलेले खोटे ठरले, तर ते गुपचूप पुसून टाकू नये. ज्या ज्या गटात पाठवले, तिथे तिथे ‘ते खोटे होते’ असे आपल्या नावानिशी लिहावे. माणसांना इजा करणाऱ्या चुकीची तौबा केवळ मनातल्या मनात पुरी होत नाही. असत्य जितके दूर गेले, तितके दूर सत्य पोहोचवण्याचा यत्न करणे हाही तिचाच भाग आहे.