उकळी आणि शिजणे

खुनमिंगमध्ये मी पहिल्यांदा मुगाचे वरण केले, ते कच्चे राहिले. पाणी खळखळून उकळत होते, वाफ येत होती. डोंबिवलीच्या घरात एवढ्या वेळात डाळ मऊ झाली असती. येथे मात्र दाणा बोटांत दाबला की आतून टणक लागत होता. कारण साधे होते. चीनच्या युन्नान प्रांताची ही राजधानी समुद्रसपाटीपासून सुमारे १,९०० मीटर उंचीवर आहे. तेथे हवेचा दाब कमी असल्याने पाणी ९४ अंश सेल्सिअसच्या आसपासच उकळू लागते. उकळी लवकर येते. अन्न शिजायला मात्र अधिक वेळ लागतो. हे मी शाळेत शिकले होते, पुढे मुलांना शिकवलेही होते. त्याचा पूर्ण अर्थ समजायला मात्र घर सोडावे लागले.

ते वर्ष २०१७. डी.एड. झाल्यावर डोंबिवलीच्या एका प्राथमिक शाळेत मी तीन वर्षे शिकवले होते. योगशिक्षणाची पदविकाही घेतली होती. चीनमध्ये भारतीय योगशिक्षकांना मागणी होती. खुनमिंगच्या युन्नान मिन्झू विद्यापीठात २०१५ मध्ये भारत-चीन योग महाविद्यालयही सुरू झाले होते. मला त्याच शहरातील एका लहान खासगी केंद्रात काम मिळाले. भारत आणि चीन यांच्यातील डोकलामचा तिढा २८ ऑगस्टला सुटला आणि मी सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात निघणार होते. घरच्यांच्या मनात भीती होती, ती अनाठायी म्हणता येणार नाही. ५ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी होती. विसर्जन झाले आणि दुसऱ्या दिवशी मी प्रस्थान केले. चीनचा शिक्षकदिन १० सप्टेंबरला असतो. ज्यांना मी अद्याप एकही आसन शिकवले नव्हते, त्या विद्यार्थिनींनी त्या दिवशी माझ्या हाती फुले ठेवली आणि मला ‘लाओशी’ म्हटले. लाओशी म्हणजे शिक्षक. त्यातील ‘लाओ’चा मूळ अर्थ वृद्ध, ज्येष्ठ. मी सव्वीस वर्षांची होते आणि समोरच्या काही स्त्रिया माझ्या आईहून मोठ्या होत्या. तो सन्मान मी मिळवलेला नव्हता. तो एका पदाला आगाऊ दिलेला होता. म्हणून त्याचे स्वरूप ऋणाचे होते.

ते ऋण फेडण्याचे साधन, म्हणजे भाषा, माझ्यापाशी नव्हते. केंद्रात झाडलोट करणाऱ्या मावशींनी मला पहिला शब्द दिला. त्या रोज सकाळी माझ्या हाती गरम पाण्याचा पेला देत आणि ‘खायश्वे’ म्हणत. खायश्वे म्हणजे उकळलेले पाणी. ‘श्वे’ म्हणजे पाणी. तेथे पाहुण्याला, रुग्णाला, थकलेल्याला प्रथम गरम पाणी देतात. दुसरा धडा भाजीबाजारात मिळाला. ‘माय’ हा उच्चार एका सुरात केला तर अर्थ होतो विकत घेणे, दुसऱ्या सुरात केला तर विकणे. मी कित्येक दिवस संत्रीवाल्यासमोर उभी राहून मी संत्री विकते असे सांगत होते. तो हसला नाही. त्याने अंगठा आणि करंगळी ताठ करून सहाचा आकडा दाखवला, दोन्ही हातांच्या तर्जनी एकमेकींवर आडव्या ठेवून दहाचा. मी प्रौढ होते, शिक्षिका होते. तरी त्या बाजारात माझे वय तीन-चार वर्षांच्या बालकाचे होते. माझे विचार पूर्वीइतकेच प्रौढ होते, पण त्यांपैकी एकही माझ्या ओठांपर्यंत पोहोचत नव्हता. समोरच्याला माझे मौन दिसत होते. त्यामागचा विचार दिसत नव्हता.

वर्गात याची उलट बाजू पाहिली. मी दुभाषिणीच्या साह्याने सूचना देत असे आणि विद्यार्थिनी मान हलवून ‘मिंगपाय’ म्हणत, म्हणजे समजले. ते ऐकून मी पुढे जात असे. तिसऱ्या महिन्यात कळले की वज्रासनात बसताना एका ज्येष्ठ विद्यार्थिनीचा गुडघा पहिल्या आठवड्यापासून दुखत होता. शिक्षिकेला अवघड वाटू नये म्हणून ती गप्प राहिली होती आणि प्रत्येक वेळी ‘मिंगपाय’ म्हणत होती. स्वतः निवृत्त शिक्षिका असल्याने शिक्षकाचा मान कसा राखावा हे ती उत्तम जाणत होती. मी मात्र तिची हललेली मान पाहिली, आखडलेला पाय पाहिला नाही. ती मान म्हणजे उकळी होती. बुडबुडे दिसले आणि डाळ शिजली असे मी मानले.

त्यानंतर मी त्या ज्येष्ठ विद्यार्थिनींनाच विनवले की त्यांनी मला शिकवावे. रोज वर्ग संपल्यावर अर्धा तास त्या माझ्याकडून श्वास घेणे, सोडणे, दुखणे, थांबणे यांचे शब्द सुरांसह घोकून घेत. ‘दुखते का?’ हा प्रश्न त्यांच्या भाषेत विचारता येऊ लागला, त्या दिवसापासून माझे शिकवणे खऱ्या अर्थाने सुरू झाले असे मी मानते.

त्या दिवसांत मला सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांची आठवण वारंवार होई. १९३८ मध्ये पाच भारतीय डॉक्टरांचे पथक चीनला गेले, त्यात ते होते. व्ही. शांताराम यांच्या १९४६ च्या चित्रपटामुळे त्यांची वैद्यकीय सेवा आपल्याकडे सर्वश्रुत झाली. ते शिक्षक होते, ही गोष्ट मात्र आपण क्वचित स्मरतो. कॅनेडियन डॉक्टर नॉर्मन बेथून यांच्या नावाच्या रुग्णालयाचे संचालकपद १९४१ मध्ये त्यांच्याकडे आले. शस्त्रक्रिया करीत असतानाच ते तरुण चिनी विद्यार्थ्यांना शल्यशास्त्र शिकवीत, आणि तेही चिनी भाषेत. त्या विषयाचे पाठ्यपुस्तक लिहिण्याचे कामही त्यांनी अंगावर घेतले होते. ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या ३२ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. युद्ध चालू आहे, औषधे अपुरी आहेत, रुग्ण दाराशी आहेत. अशा स्थितीत परकी भाषा शिकण्यासाठी वेळ देणे कोणाला अनावश्यक वाटले असते. त्यांना तो कर्तव्याचाच भाग वाटला असावा. देणाऱ्याने घेणाऱ्याच्या भाषेपर्यंत चालत जायचे, हा त्या आयुष्याचा मला उमगलेला अर्थ आहे. माझे काम त्यांच्या कार्याच्या छायेतही उभे राहण्याजोगे नव्हते. पण वाट तीच होती.

आणि त्याच वाटेवर मला माझा एक अपराध भेटला. चीनला जाण्यापूर्वीच्या वर्षी माझ्या दुसरीच्या वर्गात एक मुलगा होता. कल्याण-शीळ रस्त्यालगत उभ्या राहणाऱ्या एका इमारतीवर त्याचे आईवडील काम करीत. ते कलबुर्गीकडून आले होते; घरात कानडी. तो पाच महिने वर्गात बसला आणि जवळजवळ काहीच बोलला नाही. त्याच्या प्रगतिपुस्तकात मी लिहिले, ‘लक्ष देत नाही. आकलन कमी.’ दिवाळीच्या सुट्टीनंतर तो आला नाही. इमारत पूर्ण झाली होती आणि कुटुंब पुढच्या कामावर गेले होते. ते दोन शेरे मी माझ्या हाताने लिहिले आणि आता ते पुसण्याची कोणतीही सोय माझ्याजवळ नाही. संत्रीवाल्याने माझ्याबद्दल असा शेरा दिला असता तर तो मला किती अन्यायाचा वाटला असता, हे मी त्या बाजारात उभी असताना जाणले.

खुनमिंगमध्ये मी उकळीला शिजणे मानले. डोंबिवलीत उकळी दिसली नाही म्हणून आत काही शिजतच नाही असे ठरवले. दोन्ही चुकांचे मूळ एक आहे. शिक्षकाला उत्तराची घाई असते. अभ्यासक्रम संपवायचा असतो, रकाने भरायचे असतात, म्हणून तो जे दिसते त्यालाच प्रमाण मानतो. वेळ सर्वांसाठी सारखा मोजला जातो, पण प्रत्येकाच्या भोवतीच्या हवेचा दाब सारखा नसतो. स्वतःच्या भाषेत शिकणारे मूल आणि परक्या भाषेत शिकणारे मूल यांच्यासाठी घड्याळाचा तोच तास निराळा असतो. हे ओळखण्याला दया म्हणणे अपुरे आहे. तो अचूकतेचा आग्रह आहे. कच्चे आणि शिजलेले यांत भेद करता येणे ही ज्याची विद्या, त्याने दाणा हाती घेऊन पाहिला पाहिजे.

मी परतल्याला आता बराच काळ लोटला. पुन्हा प्राथमिक वर्गालाच शिकवते. ठाण्यापासून कल्याणपर्यंत बांधकामे थांबलेली नाहीत आणि वर्गात मध्येच येऊन बसणारी मुलेही थांबलेली नाहीत. नवे मूल आले की पहिल्या दिवशी मी त्याला त्याचे पाठ विचारत नाही. पाण्याचा पेला त्याच्यासमोर ठेवते आणि विचारते, ‘तुमच्या घरी याला काय म्हणतात?’ उत्तर मिळाले तर तो शब्द फळ्यावर लिहिला जातो आणि सारा वर्ग तो म्हणतो. यंदा जूनमध्ये आलेल्या एका मुलीने या प्रश्नाला उत्तर दिले नाही. मी पेला तेथेच राहू दिला आणि पुढचा पाठ सुरू केला. नवव्या दिवशी, दुसराच धडा चालू असताना, ती हळूच म्हणाली, ‘नीरु.’

मी खडू उचलला आणि तो शब्द फळ्यावर लिहिला.