छंदाचा वारसा

घरांतील वडील मनुष्य निघून गेलें म्हणजे त्याच्या मागें दोन प्रकारची मिळकत उरते. घर, शेतवाडी, दागदागिने यांची वांटणी कायदा करून देतो; परंतु त्यानें जन्मभर जोपासलेल्या छंदाचें काय करावयाचें, हें कोणताही कायदा सांगत नाहीं. एखाद्याच्या मागें तंबोरा राहतो, एखाद्याच्या मागें पुस्तकांचीं कपाटें, एखाद्याच्या मागें गुलाबाच्या कुंड्या. या वस्तू जशाच्या तशा जपून ठेवणें हें खरें प्रेम, कीं त्या वापरांत आणणें हें खरें प्रेम, हा प्रश्न वरवर पाहतां घरगुती दिसतो. पण विचार करूं लागलें म्हणजे तो कर्तव्याकर्तव्याचा आहे असें आढळून येतें.

आमच्यापुढें हा प्रश्न आमच्या काकांमुळें उभा राहिला. ते पेशानें कारकून होते. पण त्यांचें खरें आयुष्य रात्रीं गच्चीवर जात असे. शंकर बाळकृष्ण दीक्षितांचें ‘ज्योतिर्विलास’ त्यांनींच आमच्या हातीं दिलें. मृगांतील तीन ताऱ्यांची रेषा एकीकडे वाढविली असतां व्याध सांपडतो आणि दुसरीकडे वाढविली असतां रोहिणी व तिच्या पलीकडे कृत्तिका, हें त्यांनीं आम्हांस बोटानें दाखवून शिकविलें. ते एकट्यानें आकाश क्वचितच पाहत. आळींतलें एखादें पोर तरी हाक मारून वर बोलावीत. ते गेल्यावर त्यांची दुर्बीण कपड्यांत गुंडाळून तसबिरीखालच्या कपाटांत ठेवण्यांत आली. तिला हात लावणें घरांतील वडील मंडळींस अनादराचें वाटे. तरुण मंडळी म्हणत कीं, ती एखाद्या शाळेस देऊन टाकावी. दोन्ही पक्षांच्या मनांत काकांविषयींचें प्रेम सारखेंच होतें. मात्र दमट हवेंत बंद ठेवलेल्या भिंगांस बुरशी धरते, ही गोष्ट पहिल्या पक्षानें लक्षांत घेतली नव्हती. न वापरतां जपलेली वस्तु जपली जातेच असें नाहीं.

या बाबतींत हर्शेल घराण्याचा इतिहास पाहण्यासारखा आहे. हॅनोव्हरचा आयझॅक हर्शेल हा लष्करी बँडांतील वादक. थंडीच्या एका निरभ्र रात्रीं त्यानें आपल्या लहान मुलीस, कॅरोलिनला, रस्त्यावर नेऊन नक्षत्रें दाखविलीं, असें तिनें आपल्या आठवणींत लिहून ठेविलें आहे. पुढें १७७२ मध्यें वडील भाऊ विल्यम यानें तिला इंग्लंडांत बाथ येथें नेलें, तें गायन शिकविण्यासाठीं. पण भावास आकाशाचें वेड लागलें आणि बहिणीस गाणें बाजूस ठेवून त्याच्या दुर्बिणींच्या कामांत हातभार लावावा लागला. १७८१ मध्यें विल्यमनें युरेनस शोधून काढला. कॅरोलिननें स्वतः आठ धूमकेतु शोधले, त्यांतील पहिला १७८६ मध्यें. १८२२ मध्यें विल्यम वारला. बहात्तर वर्षांची कॅरोलिन हॅनोव्हरला परतली; तेथें समोरच्या घरांच्या उंच छपरांनीं आकाश झांकून टाकलेलें. तरीहि भावानें नोंदलेल्या सुमारें २५०० तेजोमेघांची व तारकागुच्छांची तिनें नव्यानें, आकाशाच्या पट्ट्यांप्रमाणें, यादी लावली. भाचा जॉन यास तीं सर्व स्थळें पुन्हां तपासतां यावींत, हा तिचा हेतु. या कामाबद्दल १८२८ मध्यें लंडनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीनें तिला सुवर्णपदक दिलें. जॉननें १८३४ ते १८३८ पर्यंत केप येथें राहून दक्षिणेकडील आकाश पाहिलें. त्याचा ग्रंथ १८४७ मध्यें वृद्ध आत्याच्या हातीं पडला. पुढच्याच वर्षीं ती वारली.

भावाच्या आठवणींचा तिला आधार नव्हता असें नाहीं. पण तिनें त्या आठवणींस कामास लावलें. मनुष्य तीन ऋणें घेऊन जन्मास येतो असें आपल्या वेदग्रंथांत सांगितलें आहे: यज्ञानें देवांचें, संततीनें पितरांचें आणि अध्ययनानें ऋषींचें ऋण फिटतें. श्राद्धाच्या दिवशीं मृताच्या आवडीचा पदार्थ पानावर वाढून आपण पितरांची आठवण ठेवतों, तें योग्यच आहे. परंतु ज्यांनीं आपल्यास कांहीं पाहावयास किंवा ऐकावयास शिकविलें, ते तेवढ्या अंशानें आपले ऋषीही होत. आणि हें दुसरें ऋण अध्ययनावांचून फिटत नाहीं.

येथें कोणी म्हणेल कीं, ज्यास गाण्याचा कान नाहीं त्यानें वडील गवई होते म्हणून तंबोरा कां धरावा? आक्षेप खरा आहे. आवड हुकमानें उत्पन्न होत नाहीं, आणि मृताच्या नांवानें लादलेला छंद हा जिवंतावरील जुलूमच होय. कॅरोलिनचें गाणें भावाच्या वेडापायीं मागें पडलें, हें विसरतां येत नाहीं. तिची यादी आम्हांस मोठी वाटते, ती आज्ञा करणारा नाहींसा झाल्यावर तिनें ती आपखुषीनें केली म्हणून. शिवाय वारसा चालविणें म्हणजे छंद आपणच केला पाहिजे असें नव्हे. ज्याला त्याची भूक आहे त्याच्यापर्यंत तो पोंचविणें, हेंही अध्ययनाचेंच एक अंग आहे. वडिलांचें गाणें शिष्याच्या गळ्यांतून ऐकणारा मुलगा ऋणको राहत नाहीं.

आमच्या घरीं शेवटीं दुर्बीण एका खेड्यांतील शाळेस देण्याचें ठरलें. शहरांत दिव्यांचा उजेड इतका वाढला आहे कीं, आमच्या गच्चीवरून आकाशगंगा आतां दिसत नाहीं. त्या खेड्यांत ती अजून दिसते. मात्र अमावास्येच्या सुमारास घरांतील कोणीं तरी तेथें जाऊन मुलांस तारे दाखवावे, ही अट आम्हीं आपल्यावरच घालून घेतली आहे. वस्तु देऊन मोकळें होणें सोपें असतें. काकांनीं आम्हांस नुसती दुर्बीण दिली नव्हती, रात्रीही दिल्या होत्या. ज्या घरांत अशी एखादी वस्तु कपाटांत पडून असेल, तेथील मंडळींनीं ती एकदां बाहेर काढून हा विचार अवश्य करावा.