दैवाचा क्रमांक पाचवा

गीतेच्या अठराव्या अध्यायातल्या चौदाव्या श्लोकात कोणतंही कर्म घडायला पाच कारणं सांगितली आहेत. अधिष्ठान, कर्ता, करण म्हणजे साधनं, नाना तऱ्हेच्या हालचाली, आणि पाचवं दैव. मी कोल्हापुरात उद्यमनगरात मोटारींचं वायरिंगचं काम करतो. सकाळी सुरू न होणाऱ्या गाड्यांवर माझं घर चालतं, आणि माझं ठाम मत आहे की या पाचांचा क्रमसुद्धा पाळण्यासारखा आहे.

माझ्याकडे येणारी माणसं बहुतेक वेळा पाचव्यापासून सुरुवात करतात. हायस्कूलचे एक मास्तर असेच आले. जुनी डिझेल गाडी, दुसरीकडे बॅटरी बदलून घेतलेली, तीही एकदा नव्हे, दोनदा. वडिलांना पहाटे दवाखान्यात न्यायचं होतं आणि नेमका तेव्हाच गाडीनं सेल्फ घेतला नाही. शेजाऱ्याची गाडी मिळाली, वडील बरे झाले, पण मास्तरांच्या मनातून ती पहाट जाईना. पुढच्या बंपरला ताजं लिंबू-मिरची बांधलेलं होतं. म्हणाले, “मिस्त्री, साडेसाती आहे. पण आमच्याच वाट्याला का ओ हे?”

हा प्रश्न मी कधी उडवून लावत नाही. ज्याचा बाप पहाटे धाप टाकत बसला होता, त्याचा तो प्रश्न आहे. फक्त तो विचारायच्या आधी चार गोष्टी बघायच्या असतात.

मी त्यांना चावी फिरवायला सांगितली. आतून एकच ‘टक’ आला. बॅटरी उतरली असती तर बहुधा टिकटिकटिक सुरू झालं असतं. हेडलाइट लावून पुन्हा सेल्फ मारायला सांगितलं, तर उजेड जराही मंदावला नाही. मीटरवर 12.6 व्होल्ट, म्हणजे बॅटरी भरलेली. मग मीटरची एक पिन बॅटरीच्या मायनसवर आणि दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर धरली. सेल्फ मारताना इथे अर्ध्या व्होल्टच्या वर काटा जाता कामा नये. तो सातावर गेला. क्लचच्या केबलला हात लावला तर ती चांगलीच गरम! करंटला परतीची सरळ वाट नव्हती, म्हणून तो सापडेल त्या धातूतून बॅटरीकडे वाट काढत होता.

गाडी जॅकवर घेऊन खाली शिरलो. बॉडीपासून गिअरबॉक्सला येणारी अर्थची पट्टी तांब्याच्या विणलेल्या तारांची असते. ती बोल्टापाशी हिरवी पडून कुजली होती, चार-दोन तारा तेवढ्या धरून होत्या. नुसतं मोजलं तर अशा पट्टीतूनही पूर्ण व्होल्टेज दिसतं. पण सेल्फला शेकडो अँपिअर लागतात, आणि तो भार आला की तिथेच सगळं अडतं. म्हणून मी पोरांना सांगतो, भार टाकल्याशिवाय मोजलेल्यावर विश्वास ठेवायचा नाही.

ज्ञानेश्वर महाराज अधिष्ठान म्हणजे देह असं समजावतात. गाडीच्या बाबतीत ती जागा मी चासीला आणि अर्थला देतो. मास्तरांच्या गाडीचं पहिलंच कारण तुटलं होतं. बॅटरी हे साधन, ते दोनदा बदललं गेलं. बाकीचं सगळं शनीच्या नावावर गेलं. आमच्या घरात तीन पिढ्यांची माळ आहे, तरी किंवा म्हणूनच, मला हे सहन होत नाही. गाडीखाली वाकायचा कंटाळा आपण करायचा आणि दोष देवाच्या माथी मारायचा, यात कसली भक्ती?

हे मी मास्तरांना सांगितलं. ते संस्कृत शिकवतात. शांतपणे म्हणाले, “मिस्त्री, दोन श्लोक पुढे जा. ही पाच कारणं असताना जो फक्त स्वतःलाच कर्ता समजतो, त्याला नीट दिसतच नाही, असं सोळाव्यात आहे. आणि पाचव्या जागी शंकराचार्य इंद्रियांना बळ देणाऱ्या देवता घेतात. डोळ्याला सूर्य. उजेड नसता तर तुम्हाला पट्टी दिसली असती का?”

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि शोधावंसंही वाटलं नाही. कारण चालू-बंद होणारे दोष मी जाणतो. क्रँक सेन्सर तापला की मरतो आणि गार झाला की जिवंत होतो. घाटात बंद पडलेली गाडी टो करून माझ्या दारात येईपर्यंत गार होते आणि पहिल्या सेल्फला सुरू होते. मीटर, स्कॅनर, इतक्या वर्षांचा हात, सगळं हजर असतं. दोष माझ्यासमोर यायचा की नाही, ते मात्र माझ्या हातात नसतं. मी तिला तापवतो, फिरवतो, वायरिंग हलवून बघतो, रात्रभर ठेवून घेतो. तरी काही सापडलं नाही, तर चिठ्ठीवर ‘दोष मिळाला नाही’ एवढंच लिहितो, पैसे घेत नाही, आणि पुन्हा बंद पडली तर गार व्हायच्या आत मला जागेवर बोलवा असं सांगतो.