हौसेचें ऋण

मनुष्यानें आजवर जे देहकष्ट केले ते बहुधा पोटासाठीं, कर्तव्यासाठीं किंवा पुण्यासाठीं. ह्यांपैकीं एकही कारण पुढें न करतां, उलट पदरचें शुल्क भरून, पहाटेपासून रात्रीपर्यंत स्वतःला शिणवून घेणारा एक वर्ग गेल्या पन्नासएक वर्षांत जगभर उदयास आला आहे. समुद्रांत ३.८ किलोमीटर पोहावें, ओल्या अंगानें बाहेर येऊन १८० किलोमीटर सायकल हांकावी, आणि सायकल ठेवतांच ४२.२ किलोमीटर धावावें. हें सारें एकाच दिवशीं आणि बहुतेक ठिकाणीं १७ तासांच्या आंत. ‘आयर्नमॅन’ म्हणजे लोहपुरुष असें भारदस्त नांव ह्या शर्यतीस मिळालेलें आहे. तींत बक्षिसासाठीं उतरणारे व्यवसायी थोडे; बाकीचे डॉक्टर, शिक्षक, इंजिनियर, अशी हौशी गृहस्थमंडळी. पुण्याकोल्हापुराकडील लोकही परदेशीं जाऊन ही शर्यत पुरी करून येतात, आणि हिच्या निम्म्या अंतराची शर्यत २०१९ सालीं गोव्यांतही भरली.

हिचा जन्म मोठा गमतीचा आहे. पोहणारा अधिक दमाचा, कीं धावणारा, कीं सायकलस्वार, असा वाद हवाई बेटांवर कांहीं मंडळींत निघाला. जॉन कॉलिन्स नांवाच्या नौदल अधिकाऱ्यानें त्यावर तोड सुचविली कीं, ओआहू बेटावरील तीन निरनिराळ्या शर्यती एकीपुढें एक जोडाव्या आणि काय तें पाहावें. १९७८ च्या फेब्रुवारींत १५ जण निघाले, १२ पोंचले. गॉर्डन हॉलर हा ११ तास ४६ मिनिटें ५८ सेकंदांत पहिला आला. दुसऱ्या आलेल्या जॉन डनबारची हकीकत ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. त्या वेळीं प्रत्येकानें आपापले मदतनीस बरोबर न्यावयाचे होते. डनबारच्या मदतनिसांजवळचें पाणी संपलें, तेव्हां त्यांनीं त्याला बियर पाजली!

‘ह्यानें साधलें काय?’ हा प्रश्न प्रथम विचारला जातो, आणि तो मला फारसा महत्त्वाचा वाटत नाहीं. सतार वाजवून काय साधतें, बुद्धिबळाचा डाव जिंकून कोणाचें पोट भरतें, असें विचारणाऱ्यास जें उत्तर मिळेल तेंच येथेंही द्यावें. दुसरा आक्षेप मात्र बोचरा आहे. ज्या प्रांतांत ऊसतोडीची बाई काळोखांत उठून फडावर जाते आणि डोक्यावर मोळ्या वाहते, तेथें खात्यापित्या घरच्या माणसानें हौसेखातर थकून यावें व त्याबद्दल गळ्यांत पदक मिरवावें, ही त्या बाईची एक प्रकारें थट्टाच नव्हे काय?

ह्या आक्षेपांत तथ्य आहे, पण तें निम्मेंच. आपल्या भाषेंत सोसणें आणि पेलणें असे दोन निराळे शब्द आहेत. सोसावें लागतें तें अंगावर येऊन पडलेलें. पेलावयाचें तें आपण होऊन उचललेलें. ऊसतोडीच्या बाईला थांबतां येत नाहीं; हौशी स्पर्धकाला प्रत्येक पावलावर थांबतां येतें. थांबला तर त्याची भाकरी जात नाहीं, कीं मुकादम त्याच्यावर ओरडत नाहीं. म्हणून सोसल्याचा मान त्यानें मागूं नये. तो मान त्याचा नव्हे. परंतु थांबण्याची मुभा क्षणोक्षणीं असतां न थांबणें, हीही मनाची एक परीक्षाच आहे, आणि पोटासाठीं राबणाऱ्याच्या कष्टांत ही परीक्षा ह्या रूपानें पाहावयास मिळत नाहीं.

ज्यूली मॉस ही २३ वर्षांची विद्यार्थिनी १९८२ सालीं ह्याच शर्यतींत उतरली होती, तीही आपल्या प्रबंधाला माहिती मिळावी म्हणून. स्त्रियांत ती सर्वांपुढें होती. शेवटची रेषा कांहीं यार्डांवर राहिली असतां तिचे पाय लटपटले. ती पडली, उठली, पुन्हां पडली. तेवढ्यांत कॅथलीन मॅकार्टनी तिला ओलांडून पहिली गेली. मॉस रांगत रांगत २९ सेकंदांनीं रेषेपर्यंत पोंचली. दूरचित्रवाणीवर तें दृश्य दाखविलें गेलें व ह्या शर्यतीचें नांव सर्वतोमुखीं झालें. त्या रांगण्याचें सरसकट कौतुक करण्यास माझें मन कचरतें. शरीर निर्वाणीचा इशारा देत असतां त्याकडे कानाडोळा करणें हें शहाणपण नव्हे, आणि असा इशारा न जुमानणाऱ्यांनीं प्राणही गमावलेले आहेत. तथापि एक गोष्ट कबूल केली पाहिजे. तिच्यावर कोणाची सक्ती नव्हती, आणि जें पणाला लागलें तें बव्हंशीं तिचें स्वतःचें होतें.

गृहस्थाश्रमी माणसास असें म्हणतां येईल काय? माझ्या मतें खरा नैतिक प्रश्न येथें सुरू होतो. शर्यतीचा दिवस एक. तिच्या तयारीचे महिने अनेक, आणि त्यांत आठवड्याचे १०–१२ तास तरी सहज जातात. नोकरी करणाऱ्याजवळ हे तास येतात कोठून? ते कचेरीच्या वेळांतून येत नाहींत. ते मुलाच्या अभ्यासांतून, आईच्या औषधपाण्यांतून आणि पत्नीच्या झोपेंतून येतात. व्यवसायी खेळाडू निदान त्या तासांचें मोल घरीं आणतो. हौसेला मोल नसतें असें आपण म्हणतों, पण त्या म्हणण्याचा अर्थ एवढाच कीं, तें मोल दुसरा कोणी मुकाट्यानें भरीत असतो. माझ्या परिचयाच्या एका गृहस्थांच्या कुटुंबाला कोणी विचारलें, ‘यजमानांच्या शर्यतीचा दिवस कधीं?’ त्या हंसून म्हणाल्या, ‘त्यांचा दिवस एकच आहे, आमचे तीनशें होऊन गेले.’ बाईंची तक्रार नव्हती. पण आपल्या घरांतून तक्रार नसणें म्हणजे संमति असणें नव्हे, हें कोणाही कर्त्या पुरुषाला ठाऊक असतें, आणि सोयीच्या वेळीं तो तें विसरतो.

शर्यतीच्या नियमांत तर असें आहे कीं, स्पर्धकानें बाहेरच्या कोणाचीही मदत घेऊं नये. घेतल्यास तो बाद. वाटेवर पाणी व केळीं हातांत ठेवावयास बिनपगारी स्वयंसेवक उभे असतात, तेवढ्यांचीच मदत चालते. नियम योग्यच आहे, नाहींतर पैसेवाला मनुष्य पलटणच घेऊन धांवेल. परंतु त्या नियमानें स्पर्धकाच्या मनांत एक भ्रम उत्पन्न होतो कीं, हें मीं एकट्यानें केलें. डनबारच्या बियरचा प्याला कोणी तरी भरलाच होता. पंढरीच्या वारकऱ्याला हा भ्रम सहसा होत नाहीं. तो आळंदीहून सुमारें २५० किलोमीटर चालतो, पण दिंडींत कोणी भात शिजविला आणि कोणाच्या ओटीवर रात्र काढली हें तो विसरत नाहीं. शिवाय त्याच्या वाटेवर कोणी घड्याळ धरून बसलेलें नसतें.

घड्याळाचा न्याय येथें कठोर आहे. हिरोमू इनाडा ह्या जपानी गृहस्थानें आजारी पत्नीच्या शुश्रूषेसाठीं साठाव्या वर्षीं नोकरी सोडली, आणि प्रकृति धड राहावी म्हणून तो पोहूं लागला. म्हणजे इतरांची हौस घरच्या माणसांचे तास खाते, तर ह्याची हौस त्या तासांतच अंकुरली. अशा मनुष्याला तरी सवलत असावी असें मन म्हणतें. २०१५ सालीं, वयाच्या ८२ व्या वर्षीं, हवाईमधील कोना येथील शर्यतींत तो रात्रीं रेषेपाशीं कोसळला, उठला आणि पार झाला; तोंवर १७ तासांवर अवघे कांहीं सेकंद होऊन गेले होते. त्याचें नांव पुऱ्या करणारांत धरलें गेलें नाहीं. पुष्कळांना हें क्रूर वाटलें. मला तें रास्त वाटतें. ज्यानें ओझें स्वखुशीनें उचललें, त्याला दयेचीं सेकंदें देणें म्हणजे त्याचें पेलणें सोसण्याच्या पंक्तीला बसविणें होय. त्याची स्वतःची समजूतही बहुधा तशीच असावी. कारण २०१८ सालीं, वयाच्या ८५ व्या वर्षीं, तो त्याच ठिकाणीं पुन्हां पाण्यांत उतरला आणि वेळ संपण्यापूर्वी पोंचला.