गहुलीची तारीख, चिलगव्हाणची तारीख

१ जुलैला महाराष्ट्रात कृषिदिन असतो. पंचायत समितीच्या सभागृहात वसंतराव नाईकांच्या तसबिरीला हार पडतो, प्रगतिशील शेतकऱ्यांना शाल-श्रीफळ मिळतं, कुणीतरी बीजप्रक्रियेवर बोलतं. बाकीचे शेतकरी तेव्हा वावरात असतात. पेरणी तरी चालू असते, नाहीतर पावसानं दडी मारलेली असते आणि दुबार पेरणीचं बियाणं आणायचं कुठून, हा घोर असतो. तारीख हंगाम पाहून ठरलेली नाही. पुसद तालुक्यातल्या गहुलीत १९१३ साली नाईकांचा जन्म त्या दिवशी झाला, एवढंच.

तो मान त्यांना मिळाला, यात गैर काही नाही. १९६३ ते १९७५ एवढा काळ मुख्यमंत्रिपद, संकरित ज्वारीचा ध्यास, राज्यातली चार कृषी विद्यापीठं, बहात्तरच्या दुष्काळातली रोजगार हमीची कामं. राज्य दोन वर्षांत धान्यात स्वयंपूर्ण झालं नाही तर फासावर जाईन, असं शनिवारवाड्यावर जाहीर बोलण्याची हिंमत आज कोण करील?

पण पुसदला लागूनच महागाव तालुका आहे आणि त्यात चिलगव्हाण. तिथले साहेबराव करपे एके काळी गावचे सरपंच होते. १९ मार्च १९८६ रोजी वर्ध्याजवळ दत्तपूरला त्यांनी बायको आणि चार मुलांसह जीवन संपवलं. महाराष्ट्रातली ही पहिली शेतकरी आत्महत्या मानली जाते. ‘पहिली’ म्हणताना माझी जीभ अडखळते. त्याआधीच्या मरणांना पंचनाम्यात ‘पोटदुखी’ किंवा ‘घरगुती कारण’ असं नाव मिळालं नसेल कशावरून?

ही तारीख पुढं एकतीस वर्षं तशीच पडून राहिली. २०१७ पासून अमर हबीब यांच्या किसानपुत्र आंदोलनानं ती उचलली: त्या दिवशी अन्नत्याग करायचा. मोर्चा काढायचा नाही, शेतकऱ्याच्या पोरानं शहरातल्या नोकरीच्या जागी बसूनही उपास धरला तरी चालेल. मागणी कायद्यांची: कमाल जमीनधारणा, आवश्यक वस्तू आणि जमीन अधिग्रहण हे तिन्ही कायदे रद्द करा.

यातला राज्याचा जमीनधारणा कायदा १९६१ चा, आणि तेव्हाचे महसूलमंत्री वसंतराव नाईकच. म्हणजे एका तारखेचा मानकरी ज्या कायद्याचा कर्ता, तोच कायदा दुसरी तारीख मोडू पाहते. मला स्वतःला ही मागणी पूर्ण पटत नाही. कोरडवाहूची मर्यादा चोपन्न एकर, आणि माझ्या माहितीतले बहुतेक कापूसवाले पाच-सात एकरांत अडकलेले. त्यांच्या गळ्याला तो फास लागलेला नाही. फास दुसरीकडं होता. नाईकांच्याच कारकिर्दीत आलेल्या एकाधिकार योजनेत कापूस सरकारलाच घालावा लागे. पैनगंगेपलीकडं आदिलाबादला भाव बरा असला तरी आपल्याच वावरातला कापूस तिकडं नेणं म्हणजे तस्करी. रात्री गाड्या नदी ओलांडायच्या, नाक्यावर पकडल्या जायच्या. करप्यांच्या गावचा कापूसही त्याच योजनेत होता.

आपल्याच रानातलं न्यायचं तर गुन्हा, हे इथं नवं नव्हतं. १० जुलै १९३० रोजी वणीचे बापूजी अणे पुसदजवळच्या राखीव जंगलात शिरले, गवत कापलं आणि तुरुंगात गेले. बैलाला वैरण हवी आणि गवत सरकारचं, एवढी साधी गोष्ट होती. तो जंगल सत्याग्रह पाठ्यपुस्तकात गेला, कारण कायदा इंग्रजांचा होता. कापूस नदीपार नेणाऱ्यांचा धडा कुणी लिहिला नाही. कायदा आपला होता.

पुढाऱ्यांच्या तारखा पाहिल्या की गंमत वाटते. विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज मनमोहनसिंगांनी जाहीर केलं ते १ जुलै २००६ ला, ऐन कृषिदिनी. आर्णी तालुक्यातल्या दाभडीत नरेंद्र मोदी चहावर चर्चा करायला बसले ते २० मार्च २०१४ ला, एकोणीसच्या दुसऱ्या दिवशी. दोन्ही योगायोगच असावेत. तेव्हा १९ मार्च पाळत तरी कोण होतं?

१९ मार्च येतो तेव्हा पऱ्हाटी उपटून झालेली असते, हरभरा घरात आलेला असतो आणि सोसायटीत मार्चअखेरच्या वसुलीची घाई असते. कृषी खात्यानं शाल-श्रीफळ जुलैत खुशाल द्यावं. मार्चमध्ये मात्र अधिकाऱ्यांनी चिलगव्हाणच्या पारावर बसून यंदा क्विंटलमागं खर्च किती आला आणि हातात किती पडलं, याचा हिशेब लोकांकडून लिहून घ्यावा.