दोघांचेही खरे असेल तर?

१६ एप्रिल २०२५ रोजी अमरावतीजवळच्या बेलोरा विमानतळावर मुंबईचे विमान आले आणि आमच्या नांदगाव पेठेत चार दिवस दुसरा विषय नव्हता. आमचे गाव महामार्गावरचे. नागपूर-मुंबईची वाहने रात्रंदिवस दारावरून जाताना पाहण्याची आम्हाला सवय. पण विमान ते विमान! संध्याकाळी पारावर बसलेल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने मला हटकले, "गुर्जी, हे इमान सरकारचं हाये का टाटाचं?"

प्रश्न सोपा होता, उत्तर सोपे नव्हते. विमान अलायन्स एअरचे. ही कंपनी १९९६ साली इंडियन एअरलाइन्सच्या पोटी जन्माला आली. पुढे इंडियन एअरलाइन्स एअर इंडियात मिळाली. २७ जानेवारी २०२२ रोजी एअर इंडिया टाटांकडे परत गेली, तेव्हा ही लेक मात्र सरकारच्या घरीच राहिली. म्हातारबांनी हे सारे शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, "म्हंजे घरं एक झाले, मंग वाटण्याबी झाल्या. पन त्यातल्या मानसाईचं काय झालं जी?"

माझ्यापाशी तयार उत्तर नव्हते. घरी येऊन मी जुनी वर्तमानपत्रांची कात्रणे काढून बसलो. तेव्हापासून हा प्रश्न माझ्या मनात घर करून आहे आणि आज वाचकांसमोर तोच मांडावा असे वाटते. दोन संस्था एक होतात तेव्हा त्यांतील माणसे एकमेकांशी का भांडतात? आणि त्या भांडणात न्याय कोणाच्या बाजूला असतो?

विमान कंपन्या एकत्र येण्याची गोष्ट आपल्याकडे नवी नाही. जे. आर. डी. टाटा यांनी १५ ऑक्टोबर १९३२ रोजी एका छोट्या विमानातून कराचीहून मुंबईला टपाल आणले, तिथून ही कहाणी सुरू होते. १ ऑगस्ट १९५३ रोजी राष्ट्रीयीकरण झाले. देशातल्या देशात उडणाऱ्या आठ कंपन्यांची मिळून इंडियन एअरलाइन्स झाली. परदेशी जाणारी एअर इंडिया वेगळी राहिली. चोपन्न वर्षे ही दोन घरे शेजारी नांदली. एकाचा कारभार मुंबईहून चाले, दुसऱ्याचा दिल्लीहून. बढतीचे नियम निराळे, पगार मोजण्याची रीत निराळी, संघटनाही निराळ्या. २००७ साली सरकारने ही दोन्ही घरे एक केली.

कागद एक झाले, पण माणसे 'आधीची एअर इंडिया' आणि 'आधीची इंडियन एअरलाइन्स' अशीच ओळखली जात राहिली. २०११ च्या एप्रिल-मे महिन्यांत आधीच्या इंडियन एअरलाइन्सच्या वैमानिकांनी दहा दिवस संप केला. त्यांचे मुख्य म्हणणे असे : कंपनी एक, काम एक, तर पगार दोन का? हे ऐकून कोणीही म्हणेल, बरोबर आहे.

पुढल्याच वर्षी, मे २०१२ मध्ये, आधीच्या एअर इंडियाचे वैमानिक संपावर गेले. तो संप ५८ दिवस चालला. एअर इंडियाने विलीनीकरणापूर्वी २७ ड्रीमलायनर विमाने मागवून ठेवली होती. ती चालविण्याचे शिक्षण दुसऱ्या घरातल्या वैमानिकांनाही मिळणार, हे त्यांच्या नाराजीचे मोठे कारण होते. ज्या विमानांच्या आशेवर आम्ही बढतीची वाट पाहत वर्षे काढली, त्यांवर आता आमच्याआधी दुसरा बसणार काय, हा त्यांचा सवाल. हेही ऐकून माणूस म्हणेल, बरोबर आहे. गंमत अशी की संप जुलैत मिटला आणि पहिले ड्रीमलायनर भारतात आले सप्टेंबरात. जे विमान अजून धावपट्टीवर उतरलेच नव्हते, त्याच्यावरून घर दुभंगले होते.

या दोन घरांची घडी बसवावी म्हणून २०११ साली न्यायमूर्ती धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. जानेवारी २०१२ मध्ये तिने अहवाल दिला आणि हा लांबलेला संप त्यानंतर झाला. याचा अर्थ समितीचे काम वाया गेले असा नव्हे. पण ज्यांच्या मनात 'माझे काही गेले' ही बोच आहे, त्यांची बोच अहवालाने निघत नाही, एवढे खरे.

पहिल्यांचे मागणे समतेचे होते, तर दुसऱ्यांचे वचनाचे. सारखे काम करणाऱ्याला सारखे द्यावे हा न्याय आणि दिलेला शब्द पाळावा हाही न्यायच. शाळेत आम्ही मुलांना दोन्ही शिकवतो आणि दोन्ही एकाच घरातले आहेत असे समजतो. पण दोन संस्था एक झाल्या की हे दोन न्याय एकमेकांसमोर उभे ठाकतात. एकाला समता द्यावी तर दुसऱ्याचे वचन मोडते. वचन पाळावे तर समता लंगडी पडते.

परदेशात तरी याचे उत्तर सापडले असेल म्हणावे, तर तेही नाही. अमेरिकेत २००५ साली यूएस एअरवेज आणि अमेरिका वेस्ट या कंपन्या एक झाल्या. तिकडे वैमानिकाची सेवाज्येष्ठता म्हणजे त्याचे सर्वस्व. कोणते विमान, कोणता मार्ग, सणाची सुटी कोणाला, सारे त्या यादीवरून ठरते. एका बाजूचे म्हणाले, नोकरीला लागल्याची तारीख बघा. दुसऱ्या बाजूचे म्हणाले, तुमची कंपनी बुडत होती, आमची चालत होती, तेव्हा आज कोण कुठे उभा आहे ते बघा. २००७ साली लवादाने यादी करून दिली. तीत सतरा वर्षे नोकरी झालेला एका बाजूचा माणूस दुसऱ्या बाजूच्या अगदी नवख्या वैमानिकाच्या शेजारी येऊन बसला. झाले! त्या बाजूने आपली जुनी संघटनाच मोडून नवी काढली आणि पुढे कित्येक वर्षे एका नावाच्या कंपनीत दोन गट वेगवेगळे उडत राहिले.

मग ही ज्येष्ठता म्हणजे आहे तरी काय, की माणसे तिच्यासाठी जिवावर उदार होतात? मला वाटते, ती एक उधारी आहे. नोकरदार माणूस आधी देतो आणि मागाहून घेतो. उमेदीच्या वर्षांत कमी पगारावर, नको त्या वेळी, नको त्या गावी राबतो. का? तर पुढे आपलाही दिवस येईल, असे कोणी त्याला सांगितलेले असते. पुष्कळदा कोणी सांगितलेलेही नसते, त्याने ते वरच्याकडे पाहून ओळखलेले असते. त्याचा सारा गतकाळ त्या यादीत जमा असतो. संस्था एक झाली की नवी वही उघडते, आणि तिच्यात आपली मागची बाकी ओढली जाईल की नाही, या भीतीने तो बेचैन होतो. आपण बाहेरची माणसे म्हणतो, पैशासाठी भांडतात. पैसा असतोच, पण नुसता पैसा असता तर तडजोड लवकर झाली असती.

हे मी पुस्तकातून बोलत नाही. काही वर्षांपूर्वी माझ्या संस्थेने पटसंख्या घसरली म्हणून आपल्या दोन शाळा एक केल्या. दुसऱ्या शाळेचे शिक्षक आमच्याकडे आले. नेमणुकीच्या तारखांवरून एकच यादी लागली, आणि माझे नाव दुसऱ्या क्रमांकावरून तिसऱ्यावर गेले. माझ्यावर आलेले गृहस्थ माझ्याहून दोन वर्षे आधी लागलेले, अतिशय सज्जन. यादीत अन्याय काही नव्हता. तरी मी त्यांना कित्येक महिने नावाने हाक मारली नाही. 'त्या शाळेचे सर' म्हणत असे. त्यांची शाळा बंद पडली होती, खोल्यांना कुलूप लागले होते. ज्या वर्गात त्यांनी बावीस वर्षे शिकवले, तो त्यांना परत दिसणार नव्हता. माझा एक क्रमांक गेला होता, त्यांची अख्खी शाळा गेली होती. पण हिशेब करताना मला माझेच तेवढे दिसले. आज ते लिहिताना लाज वाटते.

आणि आणखी एक. शाळा एक करण्याचा निर्णय त्या गृहस्थांनी घेतला नव्हता, माझ्यासारखाच त्यांनाही तो फलकावर वाचायला मिळाला. ज्यांनी घेतला ते माझ्यासमोर नव्हते. समोर होते ते बिचारे हे. माणसाचा राग जवळच्यावर निघतो. मला वाटते, विमानातले असोत की शाळेतले, एकत्र आणलेल्या माणसांची अर्धी भांडणे याच चुकीतून होतात. देणेकरी राहतो बाजूला आणि आपण वसुली करायला जातो शेजाऱ्याकडे.

आम्हा वऱ्हाडच्या लोकांना खरे तर हे कळायला हवे. आमचा मुलूख १८५३ साली निजामाकडून कंपनीकडे गेला, १९०३ साली मध्य प्रांताला जोडला गेला, आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी द्वैभाषिक मुंबई राज्यात आला. त्या दिवशी मध्य प्रदेशाचे, हैदराबादचे आणि मुंबईचे कारकून, शिक्षक, अंमलदार एका छपराखाली आले. राज्य पुनर्रचनेच्या कायद्यात तेव्हा एक शहाणपणाची अट होती : अशा कर्मचाऱ्यांच्या आधीच्या सेवाशर्ती त्यांच्या तोट्याच्या रीतीने बदलायच्या, तर केंद्र सरकारची संमती आधी घेतली पाहिजे. या अटीने तंटे संपले असे नाही. पण एक तत्त्व तिने मान्य केले, की घरे एक करणाऱ्यानेच जुन्या शब्दाची काळजी वाहायची असते.

माझे उत्तर, आहे तसे, एवढेच आहे. समता आणि वचन या दोहोंचे पूर्ण समाधान करणारी यादी जगात कोणी करू शकणार नाही. कोणाचे तरी काही जाणारच. तेव्हा काय जाणार ते आधी आणि स्वच्छ सांगावे, आणि त्याचा मोठा भार एकत्रीकरणाचा लाभ घेणाऱ्याने उचलावा. १२ नोव्हेंबर २०२४ रोजी विस्तारा एअर इंडियात विलीन झाली, तेव्हा हा प्रश्न पुन्हा उभा होता. त्याआधीच, एप्रिलात, उड्डाणाच्या हमीचे तास महिन्याला ७० वरून ४० वर आणणाऱ्या नव्या करारावर वैमानिक नाराज होते आणि विस्ताराची कितीतरी उड्डाणे रद्द झाली. निवृत्तीचे वय एका घरात ६०, दुसऱ्या घरात ५८. ऑगस्ट २०२५ मध्ये एअर इंडियाने वैमानिकांसाठी ते ६५ केले. जिथे वाढवून सारखे करता येते तिथे कमी करून सारखे करू नये, हा धडा त्यात आहे. मात्र सगळेच काही वाढवता येत नाही. क्रमांक तर नाहीच. पहिल्या जागेवर एकच माणूस बसतो. तिथे मग कायद्याच्या पुढचे काहीतरी लागते.

ते काय, हे मला पारावरच्या म्हातारबांनीच सांगितले. मी त्यांना दोन्ही संपांची हकिगत ऐकवली, तेव्हा ते म्हणाले, "नवा बैल आनला त पह्यलं इचारून घ्या लागते जी, थो उजव्या अंगानं चालत होता का डाव्या. न इचारता जुपला त बैलबी बिथरते अन् वखरबी मोडते." मी त्या सरांना कधी काही विचारले नव्हते. त्यांच्या शाळेत प्रार्थना कोणती होती, सहल कुठे जाई, स्नेहसंमेलनाला कोण राबे, काहीच नाही. माणसाची मागची वर्षे यादीत नीट लावता आली नाहीत, तरी निदान ऐकून घेता येतात. ऐकून घेतल्याने क्रमांक परत मिळत नाही, पण आपण पुसले गेलो नाही एवढी खूण पटते.

आमच्या शिक्षकखोलीत त्या काळी चहाच्या दोन वर्गण्या होत्या आणि किटल्याही दोन. एक आमच्या शाळेची, एक 'त्या' शाळेची. शिपायाची तर कुठल्याच ज्येष्ठतेत गणती नव्हती. तो बंद पडलेल्या शाळेतूनच आलेला. दोन्ही हिशेब तोच ठेवी. एका दिवाळीच्या सुटीआधी तो दोन्ही वह्या माझ्यापुढे टाकून म्हणाला, "गुर्जी, चहा एकाच दुधाचा, साखर एकाच दुकानाची. हे दोन हिशेब आता माह्याच्यानं होत नाहीत."

मी सरांकडे पाहिले. त्यांनी माझ्याकडे पाहिले. मग मी त्यांना, पहिल्यांदाच, नावाने हाक मारली आणि म्हटले, "वर्गणी तुम्हीच गोळा करा. तुम्ही ज्येष्ठ आहात."

ते हसले. सुटीनंतर शाळा उघडली तेव्हा खोलीत एकच किटली होती. ती त्यांच्या शाळेची होती, आमच्या किटलीपेक्षा मोठी.